आळसात सापडलेले आवाज

आज मी तुम्हाला माझ्या एका आळशी रविवारची हकीकत सांगणार आहे. आळसाचं कौतुक असं रेडिओवरून चारचौघांत करावं की नाही, याचा मी बराच विचार केला. पण त्या दिवशी मी उद्योगी असतो, तर आमच्या घरातली एक मोलाची वस्तू दुसऱ्या दिवशी सकाळी भंगारात गेली असती. तेव्हा आळसाची बाजू एकदा तरी मांडायलाच हवी.

आषाढातला रविवार. पाऊस सकाळपासून लागून राहिला होता. आमची मंडळी बहिणीकडे निघाली होती. चपला घालता घालता तिनं मला काम नेमून दिलं. "अहो, माळ्यावरचं ते कॅसेटांचं खोकं आज खाली काढून ठेवा. उद्या भंगारवाला यायचा आहे. वाजवायला घरात टेप नाही, मग कॅसेटा कशाला सांभाळायच्या?" मी मान डोलावली. युक्तिवाद बिनतोड होता. पण माळ्यावर चढायचं तर शिडी हवी. शिडी खालच्या मजल्यावरच्या काकांकडे. म्हटलं, पाऊस जरा उघडला की आणू. वास्तविक काकांचं दार आमच्याच जिन्यात आहे, तिथे पावसाचा काहीही संबंध नाही. पण आळशी माणसाला कारण पुरतं, ते खरं असावं लागत नाही.

मग चहाचा दुसरा कप घेतला, खिडकीपाशी खुर्ची ओढली आणि मुलीचा जुना लॅपटॉप मांडीवर घेतला. इंटरनेटचा माझा अनुभव असा, की काही शोधायला बसलं तर ते सोडून बाकी सगळं सापडतं. म्हणून मी काहीच न शोधता बसतो. जुन्या बाजारात जसं आपण नुसते फिरतो, ही बरणी उचल, ते पुस्तक चाळ, तसं. त्या दिवशी मात्र जे जे हाताला लागलं, ते सगळं आवाजाशी संबंधित निघालं. का, ते मला संध्याकाळी कळलं.

सुरुवात झाली ती 'रेडिओ गार्डन' नावाच्या संकेतस्थळापासून. २०१६ साली नेदरलँड्समधल्या मंडळींनी ते सुरू केलं. पडद्यावर पृथ्वीचा गोल दिसतो आणि त्यावर हिरवे ठिपके विखुरलेले असतात. एकेक ठिपका म्हणजे एकेक गाव, आणि त्या गावातलं रेडिओ केंद्र. गोल बोटानं फिरवायचा, ठिपक्यावर थांबायचं, की तिथलं केंद्र लागलंच. लहानपणी आम्ही रेडिओची चकती अशीच फिरवत असू. खरखर, शिट्टी, मध्येच सिलोन, मध्येच कुठलीतरी अनोळखी भाषा. आता खरखर गेली, अनोळखी भाषा राहिली. मी पोर्तुगालमध्ये गेलो, तिथून दक्षिण अमेरिकेत उतरलो. भाषा एकही कळली नाही. पण बातम्या कुठल्या आणि जाहिरात कुठली, हे सगळीकडे ओळखता आलं. बातम्या सांगणाऱ्याचा गळा जगभर सारखाच गंभीर असतो.

गोल फिरवताना मनात आलं, माणसाचा आवाज जास्तीत जास्त किती लांब गेला असेल? उत्तर अमेरिकेच्या नासा या संस्थेच्या एका पानावर मिळालं. व्हॉयेजर नावाची दोन यानं १९७७ साली अवकाशात सोडली गेली. ती आत्ता आपल्यापासून किती दूर आहेत, याचा आकडा त्या पानावर रिक्षाच्या मीटरसारखा पळत असतो. व्हॉयेजर १ सुमारे अडीच हजार कोटी किलोमीटरवर पोचलंय. प्रकाशाला तिथवर जायला जवळजवळ एक अख्खा दिवस लागतो. म्हणजे आपण आज "कसं काय?" विचारलं, तर "बरं आहे" हे उत्तर परवा येणार.

या मीटरची एक गंमत आहे. वर्षातले काही महिने तो चक्क उलटा फिरतो, अंतर कमी कमी होत जातं. यान काही परत वळलेलं नसतं. ते सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर वेगानं दूरच चाललंय. पण आपली पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर वेगानं पळते. फेरी मारताना ज्या महिन्यांत तिची धाव यानाच्या दिशेला असते, तेवढे महिने आपणच त्याला गाठत असतो. मग पृथ्वी वळते आणि अंतर पुन्हा वाढायला लागतं. रेल्वे फलाटावर निरोप द्यायला आलेला माणूस डब्याबरोबर चार पावलं धावतो ना, तसं.

आणि यानही किती जुनं! त्याच्यावरच्या संगणकांची सगळी स्मरणशक्ती मिळून सत्तरेक किलोबाइट. सकाळी सकाळी मोबाइलवर फुलांचं चित्र येतं, 'सुप्रभात' लिहिलेलं, त्यालाही याहून जास्त जागा लागते. नोव्हेंबर २०२३ मध्ये हे यान एकाएकी निरर्थक आकडे पाठवायला लागलं. तपासाअंती कळलं की स्मृतीची एक चिप निकामी झाली आहे. दुरुस्तीला जाणार कोण? अभियंत्यांनी इथूनच संदेश धाडून त्या चिपमधला प्रोग्रॅम तुकड्यातुकड्यांनी दुसऱ्या जागी हलवला, आणि एप्रिल २०२४ मध्ये यान पुन्हा नीट बोलायला लागलं.

पण मला सांगायचंय ते त्याच्यावरच्या तबकडीविषयी. दोन्ही यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची एकेक तबकडी बसवली आहे. पावसाचा आवाज, ढगांचा गडगडाट, पक्षी, ५५ भाषांतले नमस्कार आणि संगीताचे २७ तुकडे असं सगळं तिच्यात भरलंय. पुढेमागे कुणाला सापडलीच, तर पृथ्वीवर कोण राहत होतं, ते कळावं म्हणून. त्या ५५ भाषांत आपली मराठी आहे. नासाच्या संकेतस्थळावर ते नमस्कार ऐकता येतात. मराठीच्या नावावर बोट ठेवलं आणि एका बाईचा शांत, स्वच्छ आवाज आला. पृथ्वीवरचे लोक तुम्हाला शुभविचार पाठवत आहेत, अशा अर्थाची दोन वाक्यं. बाहेर पाऊस, घरात मी एकटा, आणि ही बाई ताऱ्यांना मराठीत नमस्कार करते आहे. मी तो नमस्कार चार वेळा ऐकला.

संगीताच्या त्या २७ तुकड्यांत भारताचा एकच आहे. गोव्यातल्या केरी गावच्या केसरबाई केरकरांची भैरवी, 'जात कहाँ हो'. कुठे निघालास, असं विचारणारं गाणं कुठेच न थांबणाऱ्या यानावर गेलंय. ही ध्वनिमुद्रिका तेव्हा बाजारात मिळेनाशी झाली होती. तबकडी तयार करणाऱ्यांनी पुढे हकीकत सांगितली आहे, की बऱ्याच शोधानंतर न्यूयॉर्कमधल्या एका भारतीय कुटुंबाच्या दुकानात, टेबलाखालच्या खोक्यात तिच्या प्रती सापडल्या. व्हॉयेजर १ सुटलं ५ सप्टेंबर १९७७ ला. केसरबाई गेल्या १६ सप्टेंबरला. ध्वनिमुद्रणाविषयी त्या फारशा उत्साही नव्हत्या, असं त्यांच्याविषयी सांगतात. आणि त्यांचाच गळा माणसाच्या सगळ्यात लांबच्या प्रवासाला निघाला.

टेबलाखालचं खोकं वाचलं तेव्हा मला आमच्या माळ्यावरचं खोकं आठवलं. पण तेवढंच. शिडी काही मी आणली नाही.

आता प्रश्न उलटा पडला. सगळ्यात लांबचा आवाज झाला, सगळ्यात जुना कोणता? माझी समजूत एडिसनची होती. त्याचा फोनोग्राफ १८७७ चा. पण त्याच्या सतरा वर्षं आधीचा आवाज आज ऐकता येतो. पॅरिसमध्ये एदुआर-लेओं स्कॉट द मार्तिन्व्हिल नावाचा गृहस्थ होता. पुस्तकांच्या छपाईच्या धंद्यातला. त्यानं असं यंत्र बनवलं, की समोर बोललं की पडदा थरथरावा आणि त्याला जोडलेल्या बारीक केसानं काजळी धरलेल्या कागदावर रेघ उमटावी. आवाज पुन्हा ऐकू यावा, हा त्याचा हेतूच नव्हता. आवाज डोळ्यांनी दिसावा, एवढंच त्याला हवं होतं. ९ एप्रिल १८६० रोजी त्याच्या यंत्रानं एका फ्रेंच लोकगीताचे काही सेकंद कागदावर उतरवले. ते कागद पॅरिसमध्ये जपून राहिले. २००८ साली अमेरिकेतल्या अभ्यासकांनी त्या रेघांच्या बारीक प्रतिमा घेतल्या, संगणकाकरवी त्यांचा पुन्हा आवाज केला, आणि दीडशे वर्षं मुका असलेला कागद गायला लागला.

पहिल्यांदा लोकांना वाटलं, कुणी मुलगी गातेय. वर्षभरानं त्याच अभ्यासकांच्या लक्षात आलं, की आपण ते दुप्पट वेगानं वाजवलं. वेग कमी केल्यावर पुरुषाचा आवाज निघाला, बहुधा खुद्द स्कॉटचाच. मी ते ऐकलं. माशी गुणगुणावी तसा, वाऱ्यात हरवल्यासारखा आवाज आहे. गाणं म्हणून त्यात काही नाही. पण त्या कागदावर तारीख होती, म्हणून आपल्याला कळतं की एप्रिलच्या त्या दिवशी एक माणूस गायला होता.

मग आपल्याकडचं काय? इथे ग्रामोफोन कंपनीनं केलेल्या अगदी सुरुवातीच्या ध्वनिमुद्रणांत गौहर जानचं नाव येतं. नोव्हेंबर १९०२, कोलकाता. फ्रेड गेसबर्ग नावाचा तंत्रज्ञ यंत्रसामग्री घेऊन आला होता. मायक्रोफोन तेव्हा नव्हता. कर्ण्यात तोंड घालून गायचं, आणि तीन मिनिटांत आटोपायचं. जो राग रात्रभर रंगायचा, तो तीन मिनिटांत बसवणं हीच मोठी कला होती. ही जुनी गाणी आज इंटरनेटवर कुणालाही ऐकता येतात. शेवटच्या तानेनंतर क्षणभर थांबून गौहर जान इंग्रजीत ठसक्यात सांगते, "माय नेम इज गौहर जान!"

लहानपणी कुठेतरी हे ऐकलं होतं आणि ती तिची ऐट वाटली होती. त्या दिवशी कारण वाचलं. मुद्रणाच्या तबकड्या तयार व्हायच्या जर्मनीत, हॅनोव्हर इथे. तिथल्या कारागिरांना ना भाषा कळायची, ना गळा ओळखता यायचा. कुठल्या तबकडीवर कुणाच्या नावाचा कागद चिकटवायचा, हे त्यांना कळावं म्हणून गाणाऱ्यानं शेवटी आपलं नाव सांगायचं. आता ऐट म्हणा की सोय म्हणा, एवढ्या वर्षांनंतर ते गाणं कुणाचं असा प्रश्न कुणाला पडत नाही. आवाजानं स्वतःच आपलं नाव सांगून ठेवलंय.

या नावाच्या गोष्टीनं मला धरून ठेवलं. तिथून मी शिकागो विद्यापीठाच्या एका संग्रहात गेलो. जॉर्ज ग्रियर्सननं भारतातल्या भाषांची जी मोठी पाहणी केली, तिच्या निमित्तानं १९१३ ते १९२९ या काळात निरनिराळ्या प्रांतांतल्या बोलणाऱ्यांचे आवाज ग्रामोफोनवर घेतले गेले. दोनशेहून अधिक मुद्रणं, शंभराच्या आसपास भाषा आणि बोली. बऱ्याच जणांना एकच गोष्ट सांगायला लावलीय, बायबलमधली उधळ्या मुलाची. बाप, दोन मुलगे, वाटणी मागून घर सोडून गेलेला धाकटा, त्याचं परत येणं. एकच गोष्ट असल्यामुळे भाषा कळली नाही तरी अंदाज बांधता येतो. इथे बहुधा मुलगा परत आला, इथे बापानं मिठी मारली. शंभर वर्षांपूर्वीची साधी माणसं कर्ण्यासमोर जरा दबकत, पाठ केल्यासारखं बोलतात. सरकारी साहेबासमोर आपलंही तसंच होतं.

आणि मग मी ज्या पानावर पोचलो, तिथे माझा आळस संपला.

पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉईटवाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. थोड्याथोडक्या नाहीत, हजारावर गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या. पॉईटवाँ जन्मानं फ्रेंच. २००४ साली ते गेले. बर्नार्ड बेल या अभ्यासकानं त्यातल्या कितीतरी ओव्या त्या बायकांच्या आवाजात मुद्रित केल्या. पी. साईनाथ यांनी २०१४ मध्ये सुरू केलेल्या 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहात २०१७ पासून त्या क्रमाक्रमानं प्रसिद्ध होत गेल्या. तिथे नुसती ओवी नाही. कुणी म्हटली, तिचं नाव काय, गाव कोणतं, तालुका कोणता, हे सगळं दिलंय. पहाटे अंधारात, घर झोपलेलं असताना, कुणाला ऐकू जावं म्हणून नव्हे तर हाताचं दुखणं विसरावं म्हणून ज्या ओव्या म्हटल्या गेल्या, त्यांच्याखाली त्या बायांची नावं आहेत. गौहर जाननं आपलं नाव स्वतः सांगितलं. या बायांचं नाव विचारायला कुणीतरी गेलं.

मी एक ओवी लावली. जात्याची घरघर सुरू झाली आणि माझ्या पोटात गोळा आला.

आता माझा गुन्हा सांगतो. १९८४ च्या दिवाळीत काकांनी दुबईहून टेपरेकॉर्डर आणला. आम्ही वाईजवळच्या आमच्या गावी होतो. गावात पिठाची गिरणी येऊन जमाना झाला होता, पण वडिलांनी हट्टानं जातं मांडायला लावलं आणि आजीला ओव्या म्हणायला बसवलं. आजी आधी लाजली. मग म्हणाली, "दळण न्हाई तर ववी कुठली?" म्हणून जोंधळे आणले. अर्धा तास ती दळत होती आणि गात होती. राम, सीता, विठ्ठल, माहेरची वाट, भावाची वाट. कॅसेटची एक बाजू भरली. वडिलांनी कॅसेटच्या पाठीवरचा प्लॅस्टिकचा बारीक तुकडा मोडून टाकला. तो मोडला की त्या कॅसेटवर पुन्हा काही मुद्रित होत नाही. तुम्हा-आम्हाला हे ठाऊक आहे. आणि त्या भोकावर चिकटपट्टी लावली की पुन्हा होतं, हेही ठाऊक आहे. मला चौदाव्या वर्षी ते ठाऊक होतं.

१९८६ साली रेडिओवरची गाणी उतरवून घ्यायला मला कॅसेट हवी होती. कोरी कॅसेट मागायची तर वडिलांपुढे उभं राहावं लागणार. मी चिकटपट्टी लावली. वर नवा कागद डकवला आणि त्यावर वळणदार अक्षरात लिहिलं, 'फिल्मी गाणी, भाग २'. वडिलांना कळलं तेव्हा ते ओरडले नाहीत. "दुसरी करू पुन्हा कधीतरी," एवढंच म्हणाले. ती पुन्हा कधी झाली नाही. १९९१ मध्ये आजी गेली.

त्या रविवारी मी स्वतःला दिलासा द्यायचाही प्रयत्न केला. पुसणारा काही मी एकटाच नाही. भारताचा पहिला बोलपट 'आलम आरा' १४ मार्च १९३१ ला मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रपटगृहात लागला. आज त्याची एकही प्रत कुठे नाही. चंद्रावर माणूस उतरला, तेव्हा यानाकडून आलेले मूळ संकेत ज्या फितींवर साठवले होते, त्या फिती फितींची टंचाई होती तेव्हा बहुधा पुसून पुन्हा वापरल्या गेल्या, असा निष्कर्ष खुद्द नासानं २००९ मध्ये काढला. आपण टीव्हीवर पाहतो ती चित्रं प्रक्षेपणाच्या प्रतींवरून मिळाली. आणि हे काही जुन्या जमान्याचंच दुखणं नाही. मायस्पेस या एकेकाळच्या गाजलेल्या संकेतस्थळानं २०१९ मध्ये कबूल केलं, की लोकांनी पहिल्या बारा वर्षांत तिथे ठेवलेलं संगीत नव्या जागी हलवताना गेलं. इंटरनेटवर एकदा गेलं की कायमचं राहिलं, असं आपण म्हणतो ते तितकंसं खरं नाही. कुणीतरी राखलं तरच राहतं. अमेरिकेत १९९६ पासून 'इंटरनेट आर्काइव्ह' ही संस्था जगभरच्या संकेतस्थळांची पानं साठवते आहे. २०२५ मध्ये ही संख्या एक लाख कोटींवर गेली. पण माझी चिकटपट्टी त्यांच्या आवाक्यातली नव्हती.

म्हणून मी उठलो. पाऊस चालूच होता. शिडी आणली, खोकं खाली काढलं. धूळ, झुरळांची अंडी, आणि साठेक कॅसेटा. 'फिल्मी गाणी, भाग २' तळाशी होती. फीत सैल पडली होती, ती आपण सगळे करायचो तशीच पेन्सिल घालून ताणून घेतली. खालचे काका अजून टेपवर भजनं ऐकतात. शिडीपाठोपाठ मी त्यांचा टेपही मागितला. दोन्ही टोकांना पिना असलेली वायर मुलीच्या खणात मिळाली. टेपमधून लॅपटॉपला जोडली, आवाज उतरवून घेणारा एक फुकटचा प्रोग्रॅम सुरू केला आणि बसलो.

गाणी लागली. मध्येच निवेदकाचं अर्धं वाक्य, मध्येच माझं खोकणं. एकामागून एक गाणी. पंचवीस मिनिटं झाली, अठ्ठावीस झाली. शेवटचं गाणं अर्ध्यावर तुटलं, खट् असा आवाज झाला. एरवी मी इथेच कॅसेट उलटी करायचो. त्या दिवशी केली नाही. हात आळसावलेलाच होता म्हणा.

आणि जात्याची घरघर ऐकू आली.

माझी गाणी अर्धा तास भरली नव्हती. फितीच्या टोकाला आजी शिल्लक होती. एक मिनिट आणि पन्नास सेकंद. बांगड्या, एका ओवीचा उत्तरार्ध, मग एक पूर्ण ओवी, कुठेतरी कुत्रं भुंकतंय, आणि मग जातं थांबतं. आजी म्हणते, "आता बास रं. पोरं भुकेजली असत्याल." त्या पोरांतलाच एक मी. छत्तीसहून अधिक वर्षं ती माझ्या माळ्यावर बसून मला जेवायला बोलावत होती, आणि मी तिला दुसऱ्या दिवशी भंगारवाल्याकडे देणार होतो.

कॅसेटवरचा माझा कागद हलक्या हातानं ओला करून सोलला. खाली वडिलांचं पेन्सिलीचं अक्षर होतं, 'आई, ओव्या, दिवाळी ८४'. आई. कुणाची आई? उद्या माझी मुलगी हे ऐकेल, तिला 'आई' या शब्दावरून काय कळणार? म्हटलं, आपण गौहर जानसारखं करू. मुद्रणाच्या शेवटी आपल्या आवाजात आजीचं नाव, माहेर, गाव, साल सांगून ठेवू. माइकसमोर बसलो, आणि लक्षात आलं, आजीचं माहेरचं नाव मला माहीतच नाही. सासरचं नाव ठाऊक होतं, तेही सातबाऱ्यावर वाचलेलं म्हणून. आम्ही तिला आजी म्हणायचो, वडील आई म्हणायचे, गाव कुणाची तरी आई म्हणायचं. अर्धा तास तिनं गाऊन दाखवलं, तेव्हाही नाव कुणी विचारलं नव्हतं.

आत्याला फोन लावला. आत्या ऐंशीच्या पुढची, गावीच असते. म्हटलं, "आत्या, आजीचं माहेरचं नाव काय गं?" पलीकडे बराच वेळ शांतता. मग तिनं नाव सांगितलं. ते मी इथे सांगत नाही. आजीला रेडिओवर आलेलं आवडलं असतं की नाही, कोण जाणे. पण फार गोड नाव आहे, आणि ते हाक मारण्यासाठी तिच्या लग्नानंतर कुणीही वापरलेलं नव्हतं. मी आत्याला ती एक मिनिट पन्नास सेकंदं फोनवर ऐकवली. ती रडेल असं वाटलं होतं. ती हसली. म्हणाली, "अरे, ही ववी तिनं चुकवलीया. मधली वळ गाळली." मी विचारलं, "तुला येते?" तर म्हणाली, "सगळ्या येत्यात की. रोज तिच्यासंगं दळायला बसायचे मी. आजवर कुणी इचारलंच न्हाई."

पुढच्या रविवारी मी वाईला गेलो. या वेळी खिशातल्या फोनवरच मुद्रण झालं, जातं नव्हतं, आत्या हातानंच ताल धरत होती. सुरुवात करण्याआधी तिला म्हटलं, "आधी तुझं नाव सांग. माहेरचंही आणि सासरचंही." ती लाजली, मग तिनं सांगितलं. एकूण त्रेसष्ट ओव्या झाल्या. त्यांच्या प्रती आता चार घरांत आहेत, कारण फोन बदलला की आवाज जातात, हेही त्या रविवारी शिकलो.

मित्रहो, मोबाइल आज जवळजवळ प्रत्येकाच्या खिशात आहे. आवाज घ्यायला काही पडत नाही. पण तो घेताना नाव, गाव आणि तारीख आवर्जून बोलून ठेवा, आणि एकाच जागी ठेवू नका. आणि घरात जुन्या कॅसेटांचं खोकं असेल, तर ते देण्याआधी एखादा रविवार जरा आळस करा.

आमच्या मंडळींनी संध्याकाळी परतल्यावर दिवाणखान्यात पसरलेल्या साठ कॅसेटा पाहिल्या आणि त्या काही बोलणार, एवढ्यात मी बटण दाबलं. आजीनं सांगितलं, पोरं भुकेजली असत्याल. ती पदर खोचून स्वयंपाकघरात गेली. कॅसेटा अजून माळ्यावर आहेत.

(रेडिओवरील भाषणाचे संपादित शब्दांकन)